कोंबडीचा पिंजरा आणि शेतकऱ्याचा करार

देवपुरातील चिकनच्या दुकानांपुढे जाळीच्या पिंजऱ्यांत दाटीवाटीने बसलेल्या पांढऱ्या कोंबड्या रोज दिसतात. पाहणाऱ्याच्या मनात दोनच प्रश्न येतात : वजन किती आणि भाव काय. कोंबडीला बुद्धी ती कसली, हे आपण गृहीतच धरलेले असते.

हे गृहीत खरे नाही. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या सुमारास दाखवून दिले की, कळपातील प्रत्येक कोंबडी इतरांना ओळखते आणि त्यांच्यातील आपले स्थान ध्यानात ठेवते. इटलीतील रुगानी, व्हॅलोर्तिगारा प्रभृतींनी २००९मध्ये काही दिवसांच्या पिलांपुढे दोन पडद्यांआड वस्तू हलविल्या. ज्या पडद्यामागे अधिक वस्तू उरल्या, तिकडेच पिले वळली. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०११मधील प्रयोगात पिलांना किंचित त्रास होताच आईच्या हृदयाचे ठोके वाढले. आकाशातील घारीसाठी कोंबड्याची हाक वेगळी, जमिनीवरील शत्रूसाठी वेगळी, हेही सिद्ध झाले आहे. साक्री-नवापूरच्या पाड्यांवरील आदिवासी बाईला ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ती हाक ऐकूनच अंगणात धावते.

असा हा जीव आधुनिक कारखान्यात केवळ यंत्राचा भाग ठरला आहे. अंड्यांच्या कोंबडीला पिंजऱ्यात टंकलेखनाच्या कागदाएवढीही जागा मिळत नाही. पंख पसरणे, माती उकरणे, आडोशाला अंडे घालणे, सारे बंद. अंडी न देणारे नर पिलू पहिल्याच दिवशी मारले जाते. मांसाच्या कोंबडीची कथा निराळी. कॅनडातील २०१४च्या एका अभ्यासात १९५७चे वाण ५६ दिवसांत सुमारे ९०० ग्रॅम भरले, तर २००५चे वाण त्याच खाद्यावर सुमारे ४ किलो २०० ग्रॅम. पायांना आणि हृदयाला हा भार पेलत नाही. परंतु नफ्याच्या हिशेबात पायांची नोंद नसते.

हे सारे कोणा क्रूर माणसाचे कृत्य नव्हे. कराराच्या पद्धतीत पिले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि घरातील माणसांचे श्रम शेतकऱ्याचे. त्याला किलोमागे ठरीव मजुरी मिळते. शेडसाठी काढलेले कर्ज मात्र त्याच्याच नावावर असते. पक्षी बांधला आहे जाळीने, शेतकरी कराराने. आणि दोघांच्या वेगाचे गणित एकाच कचेरीत मांडले जाते.

या व्यवस्थेचा धोका कोणावर येतो, हे खानदेशाने पाहिले आहे. फेब्रुवारी २००६मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापूरला, म्हणजे १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या तालुक्यात. लाखो पक्षी मारून पुरले गेले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात साथ निघाली. मोठ्या शेडांबरोबर गरिबांच्या अंगणातील कोंबड्याही गेल्या. २०२१मध्ये नवापूरवर तेच संकट पुन्हा आले. एका छपराखाली हजारो एकसारखे पक्षी कोंबले की रोगाला मोकळे रान मिळते, हा धडा तरीही गिरवला गेला नाही.

यावर उत्तर दिले जाते की, गरिबाला स्वस्त प्रथिने हवीत. हवीतच, गरिबाच्या ताटातील अंडे काढून घेणारी भूतदया ढोंगी होय. परंतु २०१९च्या पशुगणनेत देशातील ८५ कोटी कोंबड्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातल्या होत्या, आणि मागील गणनेपेक्षा त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे दुसरा मार्ग जिवंत आहे. त्याला लस, पशुवैद्य आणि बाजार मिळत नाही, एवढेच.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमानुसार प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे गुन्हा आहे. विधी आयोगाने जुलै २०१७च्या अहवालात पिंजरामुक्त पालनाची शिफारस केली. युरोपीय संघाने जुने पिंजरे २०१२पासून बंद केले. तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत : कायद्याची अंमलबजावणी, पिंजरे मोडण्याचा खर्च कंपन्यांवर, करार मराठीत आणि साथीतील नुकसानीत कंपनीचा वाटा, आदिवासी स्त्रियांच्या परसातील कुक्कुटपालनाला सहकारी आधार.

कोंबडीचे दुःख आणि कष्टकऱ्याचे दुःख यांची बरोबरी करण्याचे कारण नाही. पण दोहोंचे मूळ एकच असेल, तर एकावर घाव घालताना दुसऱ्याकडे पाठ फिरवता येणार नाही. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न श्रीमंतांच्या हळवेपणाचा म्हणून सोडून देऊ नये.