विहिरीचं पाणी सीमा ओळखत नाही

मागच्या पावसाळ्यात घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, "वावरातल्या विहिरीचं पिऊ नको रे, फवारणी सुरू आहे." कोणी पाणी तपासलं होतं का? नाही. वासावरून ठरवलं. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात पाणी अजूनही असंच तपासलं जातं, नाकानं!

आपल्याकडे कापूस आणि संत्रा. कपाशीवर कीटकनाशक, संत्र्याच्या डिंक्यावर बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं नष्ट होत नाही, मातीत साचत जातं. फॉस्फेट खतातून थोडंथोडं कॅडमियमही येतं. जोराचा पाऊस आला की ही माती नाल्यात आणि बिनकठड्याच्या विहिरीत उतरते. पंपही आपण तिथंच धुतो. ही चूक आपली, मान्य.

पण पुढचं काम सरकारचं आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे, कॅडमियमची 3. एवढंसं नाकाला काय कळणार? गावात पाणी तपासायच्या किटमध्ये नायट्रेट, फ्लोराइड, लोह कळतं, कीटकनाशक कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

आता सीमेचा प्रश्न. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा महाराष्ट्रानं पाच कीटकनाशकांची विक्री पाच जिल्ह्यांत 60 दिवस बंद केली. त्यात अमरावतीही होता, म्हणजे आपल्या शेजारचं वरूड. कीटकनाशक कायदा 1968 च्या कलम 27 नुसार राज्य अशी तात्पुरती बंदी घालू शकतं, पण फक्त आपल्या हद्दीत. वरूडला बंद, पांढुर्ण्याला चालू! पीक तेच, कीड तीच, माणसं एकमेकांचे सोयरे. आणि आपल्या भागातून वाहणारी कन्हान पुढे नागपूरची तहान भागवते. नदीला कोण सांगणार की इथून महाराष्ट्र लागला?

काही मित्र म्हणतात, "आधी भाषेचं बोल, पाण्याचं नंतर." मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. कीटकनाशक नियम 1971 सांगतात की डब्यावरचं लेबल आणि आतलं माहितीपत्रक हिंदी-इंग्रजीसोबत त्या भागातल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत असावं. आमच्या घरच्या बाटलीवर मराठीचा एक शब्द नव्हता. लाल त्रिकोणाचा अर्थ आजीला मी सांगितला. चाळीस वर्षं फवारणीच्या वावरात राबल्यावर!

1956 मध्ये आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. आता कलेक्टर कचेरी दूर नाही. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तक्रार देता येते. मग मराठीतच देऊ या. मागणी साधी आहे: पिण्याच्या प्रत्येक विहिरीची आणि हातपंपाची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, कीटकनाशक व जड धातूंसाठी तपासणी करा. निकाल पंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावा. दुकानदाराकडे मराठी माहितीपत्रक आहे की नाही, ते बघा.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. तुमच्या गावात कोण मांडणार?