अभ्यास कोणी चुकवला?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. रोपवाटिकेत रोग शिरला म्हणून तेथील मजूर फाटकाला कुलूप लावून घरी बसत नाही. तो खुंट तपासतो, मुळाशी उकरून पाहतो, कोणते रोप तगले आणि कोणते वाळले हे ध्यानात ठेवतो. संत्र्याच्या रोपाला मिळणारी ही काळजी करोनाच्या काळात वऱ्हाडातील शाळकरी मुलांच्या वाट्याला आली नाही.

२०२० च्या मार्चमध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. वरचे वर्ग मध्यंतरी काही काळ भरले; पण पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गात बसण्याची परवानगी राज्य शासनाने दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. रोग नवा असताना शाळा बंद करणे समजण्यासारखे होते. परंतु कुलूप लावल्यानंतर मुलांमध्ये संसर्ग किती, प्रतिकारशक्ती किती, वर्गात रोग पसरतो की घरात, हे शोधण्याचे कर्तव्य शासनावर येत होते. मुलांचा अभ्यास बुडाला याची चर्चा पुष्कळ झाली. शासनाने आपला अभ्यास चुकवला, याची झाली नाही.

पाहणी मुळीच झाली नाही असे नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या चौथ्या पाहणीत ६ ते ९ वयोगटातील ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटातील ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. शाळा बहुतांशी बंद असतानाही निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत विषाणू पोहोचला होता. जेथे एका खोलीत सहा माणसे निजतात, तेथे शाळेचे कुलूप रोगाला कितीसे अडवणार? मात्र या पाहणीच्या ७० जिल्ह्यांत महाराष्ट्राचे सहाच जिल्हे होते आणि त्यांत वऱ्हाडातील एकही नव्हता. दुसऱ्या लाटेची झळ राज्यात प्रथम ज्या भागांना बसली त्यांत अमरावती होते. २२ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे टाळेबंदी लागली. त्याच जिल्ह्यातील मुलांविषयी आपण परजिल्ह्यांच्या आकड्यांवरून अंदाज बांधत राहिलो.

शिवाय एकदाच घेतलेले रक्त त्या दिवसापुरतेच बोलते. प्रतिपिंडे कालांतराने घटतात. शरीराची रोगस्मृती मात्र पेशींमध्ये उरू शकते. म्हणून त्याच मुलांची पुनःपुन्हा तपासणी लागते. स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० च्या उन्हाळ्यापासून ५५ शाळांत हेच केले. त्या वर्षीच्या शरद ऋतूपर्यंत शाळा चालू असूनही एकाच वर्गात अनेक मुले बाधित झाल्याची उदाहरणे थोडीच सापडली. शाळा उघड्या ठेवण्याच्या निर्णयाला तेथे भीतीऐवजी पुराव्याचा आधार मिळाला.

आपण झुरिक नव्हे, एवढा पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. पण यंत्रणा नव्याने उभारावयाची नाही. शाळकरी मुलांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. करोनाच्या तपासणीसाठी २०२० मध्ये अमरावती विद्यापीठात प्रयोगशाळा उभी राहिली. पथक आहे, शाळा आहे, प्रयोगशाळेचा अनुभव आहे. उणीव आहे ती यांना जोडणाऱ्या इच्छाशक्तीची.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावयास हवे. गरिबाचे मूल म्हणजे फुकटात मिळणारा नमुना नव्हे. पालकांना त्यांच्या बोलीत समजावून संमती घ्यावी, नकाराचा मान राखावा, नाव गुप्त ठेवावे आणि निष्कर्ष प्रथम त्या घरात व त्या शाळेत पोहोचवावा. ज्याचे रक्त घेतले, त्याला उत्तर मिळालेच पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आता हा खटाटोप कशाला? कारण पुढची साथ पूर्वसूचना देऊन येणार नाही. बारा वर्षांखालील मुलांपर्यंत राष्ट्रीय लसीकरण पोहोचलेच नाही. त्यांना प्रतिकारशक्ती मिळाली ती आजारातूनच. ती किती टिकली, हे कोण सांगणार? कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपरिषदेत, जिल्हा परिषदेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत हा प्रश्न विचारावा. शाळेला पुन्हा कुलूप लावण्याची वेळ आलीच, तर त्यामागे पुरावा असला पाहिजे. तो गोळा करण्याची वेळ साथ नसताना, म्हणजे आताच आहे.