अंथरुणाची लांबी

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्याकडे मुलांना पाढ्यांच्याही आधी पाठ होते. मराठी शिकवणारी म्हणून मीही ती दरवर्षी कुणाला ना कुणाला समजावून सांगत असते. पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे अंथरूण दिसते! समजा, कुणी काळोखात अंथरूण घातले आणि म्हटले, "लांबी काही आम्ही आधी ठरवलेली नाही. तुम्ही खुशाल पाय पसरा; गार फरशी लागली की कळेलच," तर? असल्या अंथरुणाला अमेरिकेत चार्ज कार्ड म्हणतात. दिवाळीच्या या खरेदीच्या दिवसांत या सदराला याहून समयोचित विषय मला तरी सुचला नाही.

साधे क्रेडिट कार्ड आता आपल्या घरोघरी आहे. त्याची मर्यादा बँकेने सांगून ठेवलेली असते. लाख म्हणजे लाख, दोन लाख म्हणजे दोन लाख. बिल आले की थोडे भरायचे, उरलेले पुढच्या महिन्यावर ढकलायचे आणि त्यावर सणसणीत व्याज द्यायचे, अशी त्याची रीत. चार्ज कार्डाचे तसे नाही. महिन्याचे बिल महिन्याला पुरते फेडायचे. हल्ली काही कार्डांना थोडी रक्कम सावकाश फेडण्याची पुरवणी जोडलेली असते, पण मूळ करार रोखठोक. आणि खर्चाची मर्यादा? ती "आधी ठरवलेली नाही." वाचकहो, या तीन शब्दांकडे नीट पाहा. "मर्यादा नाही" आणि "मर्यादा आधी ठरवलेली नाही" या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि पुष्कळांची फसगत त्या अंतरातच होते.

हे कुणाला फार नवलाचे वाटत असेल तर त्याने कोपऱ्यावरच्या वाण्याची वही आठवावी. माझ्या लहानपणी आमच्या घरची अशी एक वही होती. आई यादी लिहून देई, मी पिशवी घेऊन जाई, वाणी सामान बांधून देई आणि वहीत आकडा मांडी. उधारी किती रुपयांपर्यंत चालेल हे त्याने कधी सांगितले नाही आणि आईने कधी विचारले नाही. म्हणून मर्यादा नव्हती असे थोडेच? ती वाण्याच्या डोक्यात होती. वडिलांचा पगार कोणत्या तारखेला होतो, मागचे पैसे पाच तारखेला आले की पंधराला, घरात लग्न निघाले आहे की आजारपण आले आहे, हे सारे त्याला ठाऊक असे. डाळ-तांदूळ तो मुकाट्याने देई. पण एकदम तुपाचा मोठा डबा मागितला की कानावरची पेन्सिल कानावरच ठेवून म्हणे, "बाळ, आईंना म्हणावं, मागचं जरा बघून घ्या." झाले! मर्यादा कळली.

चार्ज कार्डवाली कंपनी नेमके हेच करते. फक्त कानावर पेन्सिल नसते. तुमचा नेहमीचा खर्च किती, बिल वेळेवर येते का, मिळकत काय, इतरत्र देणे किती, हे पाहून तिचे यंत्र प्रत्येक खरेदीला हो किंवा नाही म्हणते. महिन्याला चारपाचशे डॉलर खर्चणाऱ्याने एके दिवशी आठ हजारांचा दागिना घ्यायचे मनात आणले, तर नकार येऊ शकतो. दरमहा हजारो खर्चून वेळेवर फेडणाऱ्याला तोच दागिना विनासायास मिळतो. अमेरिकन एक्सप्रेससारखी कंपनी मोठ्या खरेदीपूर्वी "एवढी रक्कम चालेल का?" असे विचारून पाहण्याची सोयही देते. ती सोय वापरणे शहाणपणाचे. मागे रांग उभी असताना मर्यादा कळावी यासारखी नामुष्की नाही.

ही कल्पना मुळात न्यूयॉर्कची. १९५० साली डायनर्स क्लब निघाला, तो हॉटेलांतल्या जेवणाची बिले महिनाअखेर एकदम चुकती करता यावीत म्हणून. ते कार्ड पुठ्ठ्याचे होते. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकन एक्सप्रेसचे कार्ड आले, तेही याच जातीचे. त्याच्या जरासे आधी, सप्टेंबरात, बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात निराळ्या जातीचे कार्ड वाटले. त्यात मर्यादा ठरलेली, पण बाकी पुढे ढकलायला मोकळीक. फोफावले ते हे दुसरे. मनुष्यस्वभावच तसा आहे. त्याला मर्यादा एक वेळ चालते, सगळे बिल एकदम फेडणे चालत नाही!

आता गुणांकांकडे वळू. अमेरिकेत बिल फेअर या इंजिनिअरने आणि अर्ल आयझॅक या गणितज्ञाने १९५६ साली एक कंपनी काढली. तिच्या नावावरून ओळखला जाणारा "फायको" गुणांक १९८९ पासून तिथल्या माणसाची पत मोजतो आहे, तीनशेपासून साडेआठशेपर्यंत. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर फेडण्याला आणि ३० टक्के वजन डोक्यावरच्या देण्याला आहे. आपल्याकडे २००० साली सिबिल ही संस्था स्थापन झाली. तिचा गुणांक तीनशे ते नऊशे. "सिबिल किती?" हा प्रश्न आता गोत्र विचारावे तसा विचारतात. २०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरला मुलाचा सिबिल पाहून ठरत आलेले लग्न मोडल्याची बातमी आपण वाचली असेलच. तेव्हा हा विषय केवळ बँकेचा राहिलेला नाही.

माझी भाची न्यू जर्सीत नोकरी करते. गेल्या वर्षी ती आणि जावई घर घ्यायच्या खटपटीत होते. तिच्याकडे दोन हजार डॉलर मर्यादेचे एकच क्रेडिट कार्ड. त्यावर तिने दिवाळीला इकडे येण्याचे तिकीट आणि थोड्या भेटवस्तू मिळून सतराशेचा खर्च केला. बिल आले, मुदतीच्या तीन दिवस आधी तिने पै न् पै भरून टाकली. तरी गुणांक चाळीसेक गुणांनी घसरला, आणि तो नेमका कर्जाचा अर्ज करायच्या वेळी. तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. "मावशी, मी एक दिवस उशीर केला नाही, एक सेंट थकवला नाही. मग माझी पत कशी गेली? आणि माझ्या मैत्रिणीने चार्ज कार्डावर तीन हजार उडवले, तिला काहीच नाही!"

याचे उत्तर असे आहे. कार्डाची कंपनी बहुधा बिल निघते त्या दिवशीचा आकडा पतनोंदणी संस्थेला कळवते. त्यानंतर तुम्ही पैसे भरता, ते त्या आकड्यात नसतात. दोन हजारांपैकी सतराशे म्हणजे ८५ टक्के. सूत्राला हे टक्केच दिसतात. ही मुलगी आईला भेटायला निघाली आहे की कर्जात बुडाली आहे, हे त्याला कुठून कळणार? मैत्रिणीच्या चार्ज कार्डाला ठरीव मर्यादाच नाही, तेव्हा टक्के काढायचे कशाचे? म्हणून नवी सूत्रे असे कार्ड या हिशेबातून वगळतात.

"मग मीही सगळा खर्च चार्ज कार्डावरच करते," असे भाचीने लगेच जाहीर केले. पण हे वाटते तितके सरळ नाही. एक तर टक्के मोजले नाहीत तरी उशीर मोजलाच जातो, आणि इथे थोडके भरून वेळ मारून नेता येत नाही. दुसरे, कार्ड मागितले की चौकशीची नोंद होते आणि तिचेही दोनचार गुण जाऊ शकतात. तिसरे म्हणजे काही जुन्या सूत्रांत त्या कार्डावर आजवर झालेला सर्वांत मोठा खर्च हीच मर्यादा धरत. पूर्वी कधी तीन हजारांच्या वर गेला नाहीत आणि या महिन्यात बरोबर तीन हजार केलेत, तर शंभर टक्के! आणि तिथले घरकर्ज देणारे अनेक वर्षे जुनीच सूत्रे वापरत आले आहेत.

भाचीला मी सुचवले ते अगदी साधे. अर्ज करण्यापूर्वी बिल निघायच्या आधीच पैसे भरून टाक. बहुतेक सूत्रांना गेल्या महिन्याच्या टक्क्यांची आठवण नसते; आजचा आकडा उतरला की गुण परत चढतात. तसेच झाले. महिन्याभराने अर्ज केला आणि कर्ज बऱ्या व्याजाने मिळाले. आपल्याकडच्या क्रेडिट कार्डालाही हा उपाय लागू पडतो. बँकेने मर्यादा वाढवून देऊ केली आणि आपला खर्च तेवढाच राहिला, तर टक्के उतरतात. मात्र रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार तुमच्या संमतीवाचून ती वाढवता येत नाही. तेव्हा ज्याला मनाचा भरवसा नसेल त्याने खुशाल नाही म्हणावे.

थोडी गंमतच आहे. ज्याचे अंथरूण लांबरुंद आणि पाय आखडलेले, त्याला गुण जास्त. ज्याचे अंथरूण तोकडे, तो बिचारा अंथरुणातच मावून राहिला तरी गुण कमी. आणि ज्याने जन्मात कर्ज काढले नाही, त्याला गुणच नाहीत! माझ्या वडिलांनी कुणाचा रुपया ठेवला नाही. हिशेबाच्या या शाळेत ते गैरहजर.

मराठीत दोन शब्द शेजारी शेजारी राहतात, ऐपत आणि पत. ऐपत म्हणजे गाठीला काय आहे ते. पत म्हणजे लोक आपल्यावर किती विश्वास टाकतात ते. गुणांक पत मोजतो म्हणतात, पण त्यातला बराच भाग ऐपतीच्या सावलीचा असतो. वाणी दोन्ही ओळखत असे. आमच्या घरी आजारपण आले तेव्हा तो दोन महिने पैशांबद्दल बोलला नव्हता. सूत्राला ते जमणार नाही. त्याच्याशी रुसण्यात अर्थ नाही, पण त्याने गुण कमी दिले म्हणून स्वतःला नादार समजण्याचेही कारण नाही.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतात. आपल्या घरात वह्या नाहीत, पण सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार ठिकाणी आपल्या नावाची वही आहेच. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा तिची पूर्ण प्रत फुकट मागता येते. या सुटीत फराळ झाल्यावर ती मागवा आणि घरातल्या सर्वांनी बसून वाचा. एखादे फेडलेले कर्ज अजून उभे दिसले, तर तक्रार नोंदवून ते दुरुस्त करून घ्या.