स्विमिंग पूलच्या बॅकवॉशचं पाणी जातं कुठे? चाकण पट्ट्यातल्या सोसायट्यांनी विचारायलाच हवा असा प्रश्न

चाकण आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या नव्या सोसायट्यांच्या जाहिरातीत जिम, क्लबहाऊससोबत स्विमिंग पूल हमखास दिसतो. पण पूलच्या फिल्टरमधून निघणारं घाण पाणी कुठे जातं, हे कुणी सांगत नाही. त्याचं उत्तर जमिनीखाली पुरलेल्या एका पाइपमध्ये असतं.

बॅकवॉश म्हणजे काय?

पूलचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून सतत फिरवलं जातं. वाळूत माती, केस, शेवाळ अडकलं की फिल्टरच्या गेजवर दाब वाढतो. मग पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुतात. हाच बॅकवॉश.

तासाला २० हजार लिटर पाणी फिरवणारा पंप असेल, तर पाच मिनिटांत जवळपास १,७०० लिटर पाणी बाहेर पडतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. अनेक सोसायट्या टँकर मागवतात. त्यामुळे हा आकडा छोटा नाही.

घोळ कुठे होतो?

सोपा मार्ग म्हणजे पाइप थेट पावसाळी गटाराला जोडणं. ते गटार ओढ्याला मिळतं आणि ओढा नदीला. चाकणच्या एका बाजूला इंद्रायणी, दुसऱ्या बाजूला भामा. दोन्ही पुढे भीमेला मिळतात.

आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा फेस पूलमुळे येत नाही. सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायनयुक्त पाणी ही त्यामागची मोठी कारणं. पण क्लोरीन माशांना घातक असतं आणि पावसाळी गटारातलं पाणी प्रक्रिया न होताच नदीत पोहोचतं.

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार प्रवाहात प्रदूषित पाणी सोडायला मनाई आहे. या कायद्यात कोरडा पडलेला ओढा आणि भूजलही 'प्रवाह' मानलं जातं. म्हणजे 'ओढा तर कोरडाच आहे' ही सबब चालत नाही.

मग लाइन कशी असावी?

• पाणी आधी वेगळ्या टाकीत साठवावं. एकदम एसटीपीत सोडलं, तर क्लोरीनमुळे तिथले उपयोगी जिवाणू मरू शकतात.
• गाळ खाली बसला आणि क्लोरीन उतरला, की पाणी थोडं थोडं एसटीपीत सोडावं.
• पाइपला दर १० मीटरला साधारण १० सेंटिमीटर उतार हवा. व्यास फिल्टरच्या आउटलेटपेक्षा कमी नको.
• वळणावर चेंबर हवा, नाहीतर तुंबलेला पाइप शोधायला फरशी फोडावी लागते.
• पाइपचं तोंड चेंबरच्या पाण्यात बुडू नये, नाहीतर घाण पाणी उलटं येऊ शकतं.
• बोअरवेलच्या पुनर्भरण खड्ड्याला ही लाइन कधीच जोडू नये.

रहिवाशांनी काय करावं?

सोसायटी ताब्यात घेताना बिल्डरकडून ड्रेनेजचा प्रत्यक्ष नकाशा मागा. बॅकवॉश सुरू असताना पाण्यात खायचा रंग टाका आणि तो कोणत्या चेंबरमध्ये दिसतो ते बघा. रंग पावसाळी गटारात दिसला, तर जोडणी चुकली आहे. हस्तांतरणाआधी ती बदलली, तर खर्च बिल्डरकडे मागता येतो. नंतर मात्र तो बहुतेक वेळा मेंटेनन्समधूनच जातो.