सुनेच्या हातची गोळी

मागे एकदा सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सुनेबरोबर दवाखान्यात आले. त्यांना आपण अण्णा म्हणू. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. अण्णा माझे जुने पेशंट. रक्तदाब मोजला तर वरचा १९० आणि खालचा १०४ भरला. हाच दाब गेली कित्येक वर्षे रोजच्या एका गोळीवर ताब्यात होता. "गोळी चालू आहे ना, अण्णा?" असे विचारले, तेव्हा त्यांनी सुनेकडे पाहिले आणि ते गप्प बसले. सूनबाईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले. मग अण्णा हळूच म्हणाले, "डॉक्टर, गोळी ती हातावर देते. मी गालात धरतो आणि मोरीत थुंकतो. हल्ली घरातल्या माणसाचाही भरवसा नाही."

सुनेने काही त्रास दिला का, जेवणखाण वेळेवर मिळते का, कोणी हात उगारतो का, पैशासाठी मागे लागतो का, असे सगळे विचारून घेतले. प्रत्येकाला उत्तर एकच, नाही. शेवटी उलगडा झाला. नववीत शिकणारा नातू रात्री मोबाइलवर 'मिर्झापूर' ही मालिका पाहत असे. झोप लागत नाही म्हणून अण्णाही शेजारी पडून पाहत. तिन्ही पर्वे त्या दोघांनी पंधरा दिवसांत संपवली होती.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ती ॲमेझॉन प्राइमवर २०१८ च्या नोव्हेंबरात आली. दुसरे पर्व २०२० मध्ये आणि तिसरे २०२४ मध्ये आले. गालिच्यांच्या धंद्याआड गावठी कट्टे आणि अफू विकणाऱ्या त्रिपाठी घराण्याची ही गोष्ट आहे. बापाला मुलाची खात्री नाही आणि मुलगा बापाच्या गादीसाठी उतावीळ. सासरा सुनेवर अत्याचार करतो आणि दुसऱ्या पर्वाच्या शेवटी तीच सून चाकाच्या खुर्चीतल्या त्या सासऱ्याचा जीव घेते. मालिका केवळ प्रौढांसाठी आहे, हे तीवर स्पष्ट लिहिलेले असते.

आता मी मालिकेला शिव्या घालीन, अशी काही वाचकांची अपेक्षा असेल. तसे करणार नाही. मी स्वतः तिचे पहिले पर्व पाहिले आहे. पंकज त्रिपाठी यांचे काम उत्तम आहे. घरात माया जाऊन फक्त सत्ता उरली की काय होते, हे ती न लपवता दाखवते. आणि घरातला दगा आपल्याला नवा कुठे आहे? लाक्षागृहाची कथा आपण लहानपणीच ऐकली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याची 'काका, मला वाचवा' ही हाक ऐकत तर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या वाढल्या.

फरक आहे तो सांगणाऱ्यात. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिचे लक्ष आपल्या तोंडाकडे असे. पोर भेदरले की ती थांबायची, जवळ घ्यायची, 'आपले काका तसे नाहीत हो' म्हणायची. मोबाइल ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही. एक भाग संपला की तो दुसरा सुरू करतो, मग पाहणारा नऊ वर्षांचा असो की नव्वद वर्षांचा.

पडद्यावरचे रक्त खोटे असते, पण शरीराची भीती खरी असते. ॲड्रेनलिन वाढते, छातीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, झोप उडते. धडधाकट माणूस थोड्या वेळात सावरतो. परंतु हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेले, आधीच चिंतेने किंवा निद्रानाशाने गांजलेले, नुकतेच घरात मरण पाहिलेले आणि ज्यांनी स्वतः घरात मारझोड सोसली आहे असे लोक, यांना हे जड जाते. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना तर खरे आणि नाटकातले यांतली रेघ नीट दिसतच नाही. मग सकाळी पोट दुखते, अंथरूण ओले होते, मूल आईचा पदर सोडत नाही. भुताच्या गोष्टीत भूत बाहेर असते आणि दार लावले की धीर येतो. दगा घरातच असेल तर मुलाने कोणते दार लावायचे?

मोठ्यांवरचा परिणाम वेगळा असतो. जॉर्ज गर्बनर या अमेरिकी अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दूरदर्शनच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. जे तासन्‌तास पडद्यासमोर बसतात त्यांना जग आहे त्यापेक्षा अधिक धोक्याचे वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे होते. याला त्यांनी 'मीन वर्ल्ड सिंड्रोम' असे नाव दिले. हा परिणाम किती मोठा, याविषयी पुढच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दिवसभर घरात एकटे बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत तो मला दिसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक संशयाचे खापर मालिकेवर फोडू नका. उतारवयात घरच्यांवर अचानक संशय येणे हे स्मृतिभ्रंशाचे किंवा मानसिक आजाराचे पहिले लक्षण असू शकते. अण्णांची स्मरणशक्ती मी म्हणूनच तपासली. ती ठीक होती. आणि कधी कधी भीती अगदी खरी असते. म्हातारे माणूस किंवा मूल घरातल्या कोणाला घाबरत असेल तर आधी त्याला एकट्याला, शांतपणे विचारा. खरोखर छळ होत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मुलांसाठी १०९८ या क्रमांकांवर मदत मिळते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा मालिकांवर वयाची वर्गवारी लिहावी लागते आणि तेरा वर्षांवरील वर्गापासून पुढे पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. पण आपल्या घरांत त्या कुलपाची किल्ली बहुधा नातवाच्याच खिशात असते! तेव्हा ते कुलूप आईवडिलांनी स्वतः लावावे. रात्री जेवणानंतर खूनखराबा पाहू नये आणि झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद ठेवावा. एका बैठकीत एकच भाग पाहावा. मुलाने काही भयंकर पाहिलेच असेल तर रागावू नये, 'तुला काय वाटले?' असे विचारावे. वडीलधाऱ्यांनाही हेच विचारावे, कारण ते आपण होऊन सांगत नाहीत.

अण्णांच्या संमतीने मी मुलाशी आणि सुनेशी बोललो. आता गोळ्यांचे पाकीट अण्णांच्याच उशाशी असते आणि ते स्वतः फोडून घेतात. रात्री नातू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. तीन आठवड्यांनी दाब १४६/८६ वर आला. पण त्या दिवशी निघताना सूनबाई दारात थांबल्या. "डॉक्टरसाहेब, अकरा वर्षं मी त्यांचं पथ्यपाणी करते आहे. त्यांना माझ्याविषयी असं वाटावं?" असे विचारून त्यांनी डोळे पुसले.

त्यावर द्यायला माझ्याकडे गोळी नव्हती. म्हणून वाचकहो, काय पाहावे याचबरोबर कोणी, कोणत्या वेळी आणि कोणाच्या सोबतीने पाहावे, याचाही आज रात्री घरात एकदा विचार करा.