बर्फाखालची कॅश

सारी हयात बँकेत गेल्यामुळे 'कॅश' म्हटले की मला तिजोरीच आठवते. 'जिओकॅशिंग' या खेळातली कॅश मात्र निराळी. 'दडवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेली. कुणीतरी रानात एक डबा लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि कुणीही येऊन तो शोधतो. आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तिथे ठेवायचा. आतली एखादी चीजवस्तू घेतलीच, तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची. आमच्या लॉकरला दोन किल्ल्या लागत. इथे कुलूपच नाही!

उपग्रहांच्या संदेशांत अमेरिकी सरकार मुद्दाम मिसळत असलेली चूक २ मे २००० रोजी बंद झाली आणि सामान्यांच्या हातातले जीपीएस यंत्र एकाएकी कितीतरी अचूक झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली. आज जगभर तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

या खेळाचा खरा कस लागतो तो बर्फाळ प्रदेशातल्या हिवाळ्यात. थंडीने यंत्राची बॅटरी लवकर उतरते, पेनातली शाई गोठते म्हणून पेन्सिल न्यावी लागते, झाकण बर्फाने घट्ट बसते. यंत्र जागेजवळ नेऊन सोडते. शेवटचे काही मीटर आपले डोळे आणि आपली चिकाटी.

आणि बर्फात आणखी एक गंमत होते. आधी येऊन गेलेल्याच्या पावलांचे ठसे थेट डब्यापाशी जातात. मागून येणाऱ्याला शोधायला काही उरतच नाही. म्हणून काही जाणते खेळाडू डबा सापडल्यावर आणखी दोन-चार झाडांभोवती फिरून येतात. ठसे सगळीकडे झाले, की डबा पुन्हा लपला! अनोळखी माणसाच्या आनंदासाठी गुडघाभर बर्फात चार पावले जास्त चालायची, हे सौजन्य मला फार मोलाचे वाटते.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्या घराशी काय संबंध? आहे. मुलांच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो. कुठला क्लास, कुठली शाखा, कुठली नोकरी, सगळीकडे आपली पावले आधीच उमटलेली. मुलाला डबा मिळतो. शोधल्याचा आनंद मिळत नाही. पुढे कधी ठसे नसलेल्या वाटेवर उभे राहायची वेळ आली, की ते गांगरते. मग आपणच म्हणतो, 'आजकालच्या मुलांत धडाडी नाही.'

बर्फात मुलांना एकटे सोडावे, असे मी मुळीच म्हणत नाही. तिथे दिवस लहान असतो. अंधारापूर्वी परतायलाच हवे. परतीची वाट वडीलधाऱ्यांनी नीट दाखवून ठेवावी, ते आपले कर्तव्यच. पण डबा कुठल्या झाडाखाली आहे, हे ठाऊक असले तरी थोडा वेळ गप्प बसावे.