झटके आले म्हणजे कुत्रं पिसाळलंच असं नाही

शेतकरी बंधूंनो, चाकण परिसरात वस्तीवरचं म्हातारं कुत्रं गोल फिरू लागलं, भिंतीला डोकं टेकून उभं राहिलं किंवा त्याला झटके आले, की 'पिसाळलं' म्हणत काठ्या निघतात. हे थांबवा. ५ वर्षांपुढच्या कुत्र्याला पहिल्यांदाच झटके आले, तर मेंदूत गाठही असू शकते. ती माणसाला वा गुराला लागत नाही. औषधाने झटके बऱ्याचदा आटोक्यात राहतात. पण रेबीजची शंका असेपर्यंत हात लावू नका. कोंडा, पशुवैद्यकाला बोलवा. चावलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच लस घ्या. सरपंचांनी पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ज्याने आयुष्यभर गोठा राखला, त्याचा निवाडा काठीने नको.